दोनदा म्हणण्याइतका वेळ

कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येतात. इतर नद्या एकमेकींना मिळतात. या दोघी मात्र पुष्कळ दिवसांनी गाठ पडलेल्या बहिणींसारख्या उराउरी भेटतात, आणि मग वाट वळवून एकत्र चालू लागतात. त्या भेटीच्या घाटावर सुमेधाबाई आठल्ये यांची पाठशाळा उजाडताच भरत असे. पाठशाळा म्हणजे काय, तर दगडी पायरीवर अंथरलेली एक चटई, समोर दहा-बारा मुली, आणि बाईंच्या अंबाड्यातल्या बकुळीचा दरवळ. पुस्तक नसे. जे काही होते ते मुखात होते आणि मुखातूनच जायचे होते.

त्या रीतीला संथा म्हणतात. गुरूने एक चरण एकदा म्हणावा, शिष्याने तो दोनदा म्हणावा, मग पुढचा. गुरू म्हणेल ते, आणि गुरू म्हणेल तसे. स्वराची चढण, श्वासाची जागा, शेवटच्या दीर्घ अक्षराचे विसावणे, सारे जसेच्या तसे. एका हिवाळ्यात बाईंना पडसे झाले होते, तर साऱ्या मुली चैत्रापर्यंत तेव्हा शिकलेले स्तोत्र नाकातून म्हणत होत्या. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता, परंतु मनातून त्या सुखावल्याही होत्या. आपल्या मुखातले काहीही वाया जात नाही, याचा तो पुरावा होता.

ईश्वरी भोई त्यांच्याकडे आली ती पाण्यावरून. एके सकाळी बाईंनी चरण म्हटला. मुलींनी दोनदा म्हटला. आणि मग नदीवरून तिसराच एक कोवळा आवाज आला. त्यानेही चरण दोनदा म्हटला. बाई थांबल्या. खाकरल्या. नदीवरून खाकरणेही दोनदा आले. मुली हसून लोटपोट झाल्या. पाहतात तो संतोष भोयाची नाव, आणि नावेत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली त्याची सात वर्षांची लेक.

"माफ करा, बाई," संतोष ओशाळून म्हणाला, "रोज ऐकती. घरात बी तेच चाललेलं असतं. खोकला सुदिक तुमचाच काढती."

"तिला इकडे पाठवा," बाई म्हणाल्या.

त्या सकाळपासून पंधरा वर्षे ईश्वरी त्या चटईवर बसली. बाई अविवाहित, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, घरी दुसरे कोणी नव्हते. विद्येने जे नाते जुळते त्याला वंशावळीत रकाना नसतो, परंतु बाईंना विचारले असते, तर आपला वंश कोण हे त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले असते.

*

ईश्वरी बावीस वर्षांची झाली तेव्हा तिने कृष्णाकाठच्या पूर-सूचना केंद्राच्या उद्घोषक पदासाठी अर्ज केला.

या पदाची कथा अशी. दोन हजार चव्वेचाळीस सालच्या महापुरात यंत्राने इशारा अगदी वेळेवर दिला होता. परंतु यंत्राचा तो गोड, निर्विकार आवाज लोकांच्या इतका अंगवळणी पडलेला होता, दवाखान्यात तोच, बसस्थानकावर तोच, दाराच्या घंटीतही तोच, की धरणाचे दरवाजे उघडल्याची वार्ता त्यांनी साबणाची जाहिरात ऐकावी तशी ऐकली आणि कूस पालटली. त्यानंतर कायदा झाला. पुराचा इशारा जिवंत माणसाने, त्याच काठच्या माणसाने, त्याच क्षणी द्यायचा. नदीकाठच्या दीडशे गावांत घाटाघाटावर कर्णे बसले आणि त्यांच्यासाठी आठ आवाज निवडायचे ठरले.

सातशे उमेदवारांतून ईश्वरीचा आवाज पहिला आला. परीक्षकांनी तिला एक इशारा वाचायला दिला होता. ज्याने तो ऐकला तो खुर्चीतून अर्धा उठला होता, असे नंतर कोणी सांगितले. बाईंनी त्या दिवशी घाटावरच्या सगळ्या मुलींना पेढे वाटले.

आणि पंधरा दिवसांनी दुसरे पत्र आले: 'आरोग्यविषयक निकषांवर अपात्र.'

हे अपात्रत्व ठरवणारे यंत्र होते स्वरदर्शी. त्याविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. माणूस साधा एक 'आ' उच्चारतो तेव्हा गळ्यातल्या दोन नाजूक पडदे सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात, आणि त्यांना स्थिर ठेवण्यासाठी मेंदू कित्येक बारीक स्नायूंना अखंड आज्ञा देत असतो. मेंदूच्या मध्यभागी पेशींचा एक लहानसा पुंज आहे. त्याच्या रसावर या आज्ञांचा तोल अवलंबून असतो. कंपवात नावाच्या व्याधीत तो पुंज हळूहळू विझत जातो. हात थरथरू लागतात ते पुष्कळ उशिरा. त्याच्या आठ-दहा वर्षे आधी दीर्घ स्वरांच्या शेवटी एक सूक्ष्म ढळणे येते, श्वासाची जागा किंचित सरकते. ते कानाला कळत नाही. स्वरदर्शीला कळते. लाखो माणसांचे आवाज आणि पुढे त्यांचे काय झाले याची नोंद ताडून ते शिकले होते, आणि शंभरातील ब्याण्णव वेळा त्याचे म्हणणे खरे ठरत असे.

ईश्वरीच्या आवाजापुढे त्याने लिहिले होते: दहा वर्षांच्या आत कंपवाताचा दाट संभव.

तिची आई छाया बाजारात मासे विकत असे. त्या दिवशी टोपली तशीच ठेवून ती बाईंच्या घरी आली आणि उंबऱ्यापाशी मटकन खाली बसली.

"बाई, तुमी शिकलेल्या. खरं काय ते सांगा. माज्या पोरीचं हात कापाय लागत्याल व्हय?"

"यंत्र म्हणते म्हणून होईलच असे नाही, छाया."

"तिचा बा गेला तवा म्या म्हनलं, आता आनि काय न्यायचं ऱ्हायलंय देवाला. तर हे. कुंडलचं स्थळ बी गेलं. कुनी सांगितलं त्यास्नी, काय म्हाईत."

ईश्वरी भिंतीला टेकून उभी होती. "आई, उठ. माशांवर मांजरं बसली असतील."

"बसू देत. मांजरास्नी तरी कुटं रोग बघून खायाचं असतंय."

हे ऐकून ईश्वरीला हसू फुटले आणि हसता हसता ती रडू लागली. बाईंनी तिला जवळ घेतले नाही. तशी त्यांची रीत नव्हती. त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्या आपण साताऱ्याला जायचे. जो रोग झालेलाच नाही त्याची शिक्षा कोणाला देता येत नाही. त्यासाठी आयोग आहे."

*

समसंधी आयोग लोकांच्या करातून चालत असे आणि लोकांसाठी होता. साताऱ्यातील त्याचे कार्यालय एका जुन्या टपाल कचेरीत होते. तेथील तपास-अधिकारी अनंत बाबर हे पन्नाशीचे, स्थूल, आणि चेहऱ्यावरून खानावळीचे मालक वाटावेत असे गृहस्थ होते.

"बसा, बाई. बस गं पोरी. पाणी घ्या आधी. इथं वकील लागत नाही, ओळख लागत नाही, आणि आवाज चढवावा लागत नाही. रडायचं असेल तर तेवढं मोकळेपणानं रडा, रुमाल आमच्याकडे आहेत."

अर्ज त्यांनी पुढे ओढला. "भेदभावाचं कारण. जात, धर्म, लिंग, वय, अपंगत्व, भावी व्याधी. भावी व्याधीवर खूण करतो. जातीचं काही वाटतं का? भीडभाड न ठेवता सांग."

"नाही," ईश्वरी म्हणाली. "जात बघून नाकारलं असतं तर बरं झालं असतं, साहेब. निदान कुणावर तरी रागावता आलं असतं."

बाबरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले आणि पुढचा रकाना घेतला. "सोबत आलेल्या व्यक्तीचं नातं. पालक, नातेवाईक, का वकील?"

"मी तिची गुरू आहे," बाई म्हणाल्या.

"तसा रकाना नाही, बाई." त्यांनी 'इतर' असे लिहिले. "आता घडलं ते तुमच्या हातानं लिहा."

बाईंनी एक पान लिहिले. बाबरांनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब नेले, पुन्हा जवळ आणले. "अक्षर मोत्यासारखं आहे, पण मोती फारच बारीक. मुंग्यांची रांग चाललीये जणू. आणि रांग शेवटी शेवटी आणखी बारीक होतीये."

"अलीकडे असे होते खरे," बाई हसून म्हणाल्या. "कागद वाचवण्याची जुनी सवय."

मग बाबरांनी कायदा समजावून सांगितला. भावी व्याधीच्या नुसत्या अंदाजावरून कोणाला काम नाकारता येत नाही. मात्र ज्या कामावर इतरांचे प्राण अवलंबून असतात तेथे नाकारता येते, आणि पुराचा इशारा हे तसेच काम. "म्हणजे आजार होणार हे आपण मान्य केलं, तर खटला हरलो. एकच वाट राहते. यंत्राचं निदान चुकलंय हे दाखवायचं. आणि ते फार अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. केंद्राकडून तिच्या आवाजाचा पूर्ण आलेख मागवतो. तू पण तुझं रोजचं बोलणं दे. घरातलं, बाजारातलं, भांडणातलं."

"भांडणं भरपूर आहेत," ईश्वरी म्हणाली. "आई आहे ना."

परतताना बसमध्ये बाईंनी अंबाड्यातला गजरा सारखा केला. "बकुळीला यंदाही वास नाही बघ. झाडच म्हातारे झाले."

ईश्वरीने त्यांच्याकडे पाहिले, काही बोलण्यासाठी ओठ उघडले, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

*

तीन आठवड्यांनी बाबरांनी दोघींना बोलावले. त्यांच्या पडद्यावर दोन आलेख होते.

"हे बघा. हा केंद्रात वाचलेला इशारा. दर ओळीच्या शेवटी लाल ठिपके, म्हणजे ते ढळणं. आता हे माय-लेकींचं भांडण." त्यांनी कळ दाबली. ईश्वरीचा आवाज खोलीत घुमला: "आई, बांगडं उनात ठिवलंस आन् मलाच बोलतीस व्हय!" आलेख स्वच्छ होता. कृष्णेच्या उन्हाळी पाण्यासारखा स्वच्छ. "एकसुद्धा ठिपका नाही. आजार काय फक्त शुद्ध भाषेत होतो? वीस वर्षांत असा आलेख मी पाहिला नाही. म्हणून विचारतो, पोरी. हा दुसरा आवाज तू आणलास कुठून?"

ईश्वरी गप्प राहिली.

बाई पडद्याकडे पाहत होत्या. ओळीच्या शेवटी दीर्घ स्वर येतो, क्षणभर तोलला जातो, मग किंचित खाली ढळतो आणि ढळताना बारीक लहरतो. ते वळण त्यांनी ओळखले. माणूस स्वतःच्या पावलांचा आवाज ओळखतो तसे ओळखले. मुली म्हणत, 'बाई शेवटचे अक्षर नदीत दिवा सोडावा तसे सोडतात.' तो त्यांचा अलंकार होता. गेल्या बारा-तेरा वर्षांत तो आपोआप आला होता, आणि भक्तीने येतो अशी त्यांची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच साताऱ्यास गेल्या.

"माझा आवाज तपासा," त्या बाबरांना म्हणाल्या.

तपासणीला अर्धी घटकाही लागली नाही. बाबरांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. ठिपक्यावर ठिपका बसला. फक्त बाईंच्या आलेखात ते अधिक दाट होते, आणि साध्या बोलण्यातही होते.

"बाई, प्रश्नावलीत एक प्रश्न आहे, तो विचारावा लागतो. वास येतो का तुम्हाला?"

"वास? येतो की. बकुळीला मात्र दोन वर्षे…" बाई थांबल्या.

बाबरांची मान खाली होती. "बकुळीला वास आहे, बाई. तुम्ही आलात तेव्हापासून खोलीभर आहे."

बाईंचा हात अंबाड्याकडे गेला आणि तेथेच राहिला. वास जाणे, अक्षर आकसणे या त्याच व्याधीच्या खुणा. आता त्यांना सारे दिसले. मुंगीएवढे झालेले अक्षर, म्हातारे झालेले झाड, बसमध्ये बोलता बोलता थांबलेली मुलगी. स्वरदर्शी खोटे बोलले नव्हते. त्याने रोग अचूक ओळखला होता. रोगी तेवढा चुकला होता. ज्या लाखो आवाजांवरून ते शिकले त्यांत कोणी असा नव्हता, ज्याने पंधरा वर्षे रोज पहाटे एकाच मुखातून, श्वासासकट, थरथरीसकट, अक्षर न् अक्षर उचलले आहे. हे ढळणे आतूनच येते, शिकता येत नाही, असे यंत्राच्या कर्त्यांनी गृहीत धरले होते. संथा त्यांना ठाऊक नव्हती. कानाला जे कळत नाही तेही गळ्याला कळते, हे ठाऊक नव्हते. परंतु बाईंना तरी कोठे ठाऊक होते? त्या तर आपल्या मुखातले काही वाया जात नाही म्हणून सुखावत होत्या.

"हे कागद तक्रारीला जोडा," त्या म्हणाल्या.

"जोडले की ते उघड होतात. सुनावणी जाहीर असते. तुमची पाठशाळा…"

"कोणती आई आपली मुलगी आता माझ्यासमोर बसवील, बाबर? आणि बसवलीच, तर मी शिकवू कशी?"

*

ईश्वरीने मात्र नाही म्हटले.

"मी तक्रार मागे घेते." बाईंच्या अंगणात ती उभी होती. "मला नको ती नोकरी. मी आईबरोबर मासे विकेन."

"का?"

"का म्हणून काय विचारता? तुमचं नाव त्या कागदावर जाणार. लोक म्हणतील, बाईंनी पोरींना रोग शिकवला."

"त्यात खोटे काय आहे?"

"बाई!"

"बस खाली." बाई स्वतःही बसल्या. "तुला कळले होते. केव्हापासून?"

ईश्वरीने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "वासाचं बसमध्ये कळलं. त्याआधी, दोन वर्षांपूर्वी, तुम्ही ताक ओतताना भांडं वाजलं होतं. मला वाटलं, वय झालं. आणि साहेबांनी आलेख दाखवला तेव्हा… मला माहिती आहे ना, मी कुणासारखी बोलते ते."

"आणि गप्प राहिलीस."

"गुरूचं उणं शिष्यानं बोलायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत."

"मी पुष्कळ काही शिकवले," बाई म्हणाल्या. "त्यातले काय टाकायचे ते शिकवायचे राहून गेले. संथेचा नियम सांग."

"गुरू म्हणेल ते. म्हणेल तसं."

"मग म्हण माझ्यामागून. हा कंप माझा नाही."

ईश्वरीने ओठ घट्ट मिटले.

"एकदा मी म्हटले. आता दोनदा तू."

पंधरा वर्षांत तिने बाईंची संथा कधी मोडली नव्हती. तिने डोळे मिटले. "हा कंप माझा नाही." मग पुन्हा, "हा कंप माझा नाही."

दोन्ही वेळा शेवटचा दीर्घ ईकार क्षणभर तोलला गेला, मग किंचित ढळला, आणि ढळताना बारीक लहरला. दोघींनीही तो ऐकला. बाईंनी तोंडाला पदर लावला.

*

आयोगाच्या तिघा सदस्यांनी पुरावा पाहिला आणि एक अट घातली. कंप शिकलेला असेल तर तो विसरताही आला पाहिजे. सहा आठवडे तक्रारदाराने त्या 'उगम-व्यक्ती'चा आवाज कानी पडू द्यायचा नाही, आणि मग आयोगासमोर तोच इशारा पुन्हा वाचायचा. कायद्याच्या भाषेत बाई आता उगम-व्यक्ती झाल्या होत्या. 'इतर'पेक्षा ते बरे, असे त्यांनी स्वतःशी म्हटले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मुलींच्या आयांना बोलावून सारे सांगितले आणि चटई गुंडाळून ठेवली.

ईश्वरी भिलवडीला मामाकडे गेली. तिच्या बापाची नाव तेथे होती. सहा आठवडे ती नाव वल्हवत राहिली आणि बापासारखी पैलतीराला हाळी देत राहिली. भोयाच्या हाळीला अलंकार नसतो. तिला वाऱ्यावरून जायचे असते, पाण्यावरून जायचे असते आणि पलीकडच्या माणसाला जागेवरून उठवायचे असते. शेवटचे अक्षर ती सोडत नाही, फेकते. पहिले आठ दिवस हाळीच्या टोकाला बाई येत राहिल्या. मग कधीतरी येईनाशा झाल्या. त्या दिवशी मामीने तिला जेवायला हाक मारली तेव्हा ती नावेतच गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि जेवायला आली नाही.

सुनावणीला बाईंना मागच्या खुर्चीवर बसण्याची मुभा मिळाली, मात्र एक शब्दही न बोलण्याच्या अटीवर. छाया शेजारी बसली. तिने कधी नव्हे तो बाईंचा हात हातात घेतला, आणि तो थरथरतो आहे हे कळल्यावर दुसराही हात त्यावर ठेवला.

ईश्वरी उभी राहिली. मागे वळून पाहिले नाही.

"कृष्णाकाठच्या लोकहो! धरणाचे दरवाजे उघडले आहेत. पाणी चढतं आहे. लेकरं घ्या, म्हातारी माणसं घ्या, गुरं सोडा, आणि वर चला!"

तो आवाज उघडा होता, खरखरीत होता, पाषाणासारखा अढळ होता. बाबर नकळत खुर्चीतून अर्धे उठले. पडद्यावर एकही ठिपका नव्हता.

बाई ऐकत होत्या. प्रत्येक चरणाच्या शेवटी त्यांनी स्वतःला शोधले. लोकहो, आहेत, आहे, सोडा, चला. त्या कोठेही नव्हत्या. पंधरा वर्षांच्या पहाटा त्या गळ्यातून धुऊन निघाल्या होत्या. मुलगी वाचली होती, मुलगी निरोगी होती; आणि जे तिच्यातून गेले होते ते आता जगात फक्त एका ठिकाणी उरले होते, जेथे ते विझत चालले होते.

"जिंकली न्हवं, बाई?" छाया कानाशी पुटपुटली.

बाईंना बोलायचे नव्हते. त्यांनी मान डोलावली.

*

आयोगाने तक्रार ग्राह्य धरली. केंद्राने ईश्वरीला रुजू करून घेतले. निर्णयाच्या शेवटी एक ओळ होती: दर वर्षी स्वरतपासणी व्हावी आणि तक्रारदाराने उगम-व्यक्तीकडून पुन्हा पाठ घेऊ नये.

ओळीत फक्त 'पाठ' म्हटले होते. बाईंनी त्याचा अर्थ अधिक कडक लावला. ईश्वरी दर शनिवारी येई. बाई तिच्यासमोर एक शब्दही बोलत नसत. दोघी ओसरीवर बसून वाल सोलत, बकुळीची फुले वेचत. फुले ओवणे आता बाईंच्या हातून होईना. ते ईश्वरी करी. काही सांगायचेच झाले तर बाई पाटीवर लिहीत. अक्षर इतके बारीक झाले होते की ईश्वरीला पाटी उजेडाकडे धरून वाचावी लागे. 'कैरी घेऊन जा.' 'आईचा गुडघा कसा आहे?' 'काल तुझा आवाज ऐकला. उत्तम.'

औषधे चालू होती. हात त्यांच्यामुळे सावरत होता. आवाज मात्र उतरत होता. पुढच्या फाल्गुनात वैद्यांनी सांगितले की वर्ष-दीड वर्षात तो कुजबुजीएवढा राहील.

त्या शनिवारी ईश्वरीने वालांचे सूप बाजूला सारले.

"बाई, एकदा बोला."

बाईंनी मान हलवली.

"एकच चरण. मी म्हणणार नाही मागून. शपथ. फक्त ऐकते."

बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. जे मूल नदीवरून खोकलादेखील उचलून आणते, त्याने नुसते ऐकायचे ठरवले म्हणून त्याचा गळा ऐकेल काय? त्यांनी पाटी ओढली आणि लिहिले. ईश्वरीने पाटी उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. मग पदराने पुसून जागेवर ठेवली, फुलांची माळ बाईंच्या अंबाड्यात खोवली, वाकून पायांवर डोके टेकले आणि गेली. पाटीवर होते: 'माझे सारे तू घेतलेस. आता हे घेऊ नकोस.'

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई काठी टेकीत घाटावर गेल्या. चटई नव्हती. कर्ण्याच्या खांबावर एक खंड्या बसला होता. पाणी संथ होते आणि पैलतीर नुकता दिसू लागला होता. त्यांनी पहिला चरण म्हटला. आवाज पायरीपलीकडेही गेला नसेल. शेवटचे अक्षर ढळले, लहरले, आणि त्यांनी ते सोडून दिले.

मग त्या थांबल्या. मोजून, दोनदा म्हणण्याइतका वेळ.

नदीवरून काही आले नाही. त्यांनी दुसरा चरण म्हटला.